सिंहगडाच्या वाटेवर बिबट्याला किती घाबरायचं आणि मधमाशीला किती

प्रश्न असा आला आहे: आई-वडील आणि नऊ व तेरा वर्षांची दोन मुलं दर रविवारी पहाटे आतकरवाडीच्या पायवाटेने सिंहगड चढतात. गेल्या आठवड्यात वाटेच्या कडेला ओल्या मातीत मोठ्या पंजाचा ठसा दिसला. घरी फोटो दाखवल्यावर आजी म्हणाली, आता जायचं नाही. मुलांना न्यावं की नाही, वाटेत आणखी काय भेटू शकतं आणि भेटलंच तर नेमकं काय करायचं?

न्या. बिनधास्त न्या म्हणणार नाही, पण न्या. मी बरीच वर्षं सह्याद्रीत ट्रेक घेऊन जातो आणि प्रथमोपचार शिकवतो. लोकांच्या मनात भीतीचा क्रम उलटा लागलेला असतो, हे दर वेळी दिसतं. बिबट्या पहिला, साप दुसरा, माकडं म्हणजे गंमत आणि मधमाश्या तर कुणाच्या यादीतच नसतात. गडकिल्ल्यांवर माणसं ज्यामुळे खरोखर दवाखान्यात जातात तो क्रम लावला, तर मधमाशी वर येते आणि बिबट्या पार तळाला जातो.

आधी ठसा. फोटो मी पाहिलेला नाही, त्यामुळे तुम्हीच पुन्हा पाहा. नखांच्या टोकांचे बारीक खड्डे बोटांपुढे दिसतात का? दिसत असतील तर तो बहुधा कुत्रा आहे. बिबट्या नखं आत ओढून चालतो, त्यामुळे ठशात ती उमटत नाहीत. दुसरी खूण मागच्या गादीची. मांजराच्या जातीत त्या गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे स्पष्ट दिसतात आणि चार बोटं गादीभोवती किंचित तिरकी बसलेली असतात. कुत्र्याचा ठसा मधून दुमडला तर दोन्ही बाजू जवळजवळ जुळतात. तरसाच्या ठशात नखं दिसतात आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. मोठ्या बिबट्याचा ठसा साधारण सात ते नऊ सेंटिमीटर रुंद भरतो, पण ओल्या मातीत प्रत्येक ठसा पसरतो, म्हणून नुसत्या आकारावर जाऊ नका. आतकरवाडीपासून वरच्या टपऱ्यांपर्यंत कुत्र्यांचा राबता आहे. वाटेवरचे बहुतेक ‘बिबट्याचे’ ठसे त्यांचेच निघतात.

समजा तो बिबट्याच होता. तरी तुमचा बेत बदलायचं कारण नाही. सिंहगड, राजगड, तोरण्याचा हा सगळा डोंगरपट्टा बिबट्याच्या वावराचाच आहे. तुम्ही सकाळी ज्या वाटेने चढता त्याच वाटेने तो रात्री उतरलेला असू शकतो, कारण मऊ, मोकळी पायवाट त्यालाही सोयीची पडते. त्याचं खाणं म्हणजे कुत्री, शेळ्या, रानडुकराची पिल्लं, ससे, वानरं. रविवारी सकाळी शेकडो माणसं बोलत, धापा टाकत चढत असताना तो त्या वाटेवर थांबत नाही. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या बातम्या वाचून तुम्ही घाबरला असाल तर ते समजू शकतो. तिथे माणसं मेली आहेत, मुलं मेली आहेत. पण तिथलं चित्र वेगळं आहे. बिबटे उसातच वाढतात आणि घराच्या ओट्यापासून ऊस हाकेच्या अंतरावर असतो. संध्याकाळी एकटं, खाली वाकलेलं लहान मूल तिथे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं. डोंगरवाटेवर दिवसाउजेडी, घोळक्यातल्या माणसांशी त्याचा संबंध तसा येत नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच. मुलं पुढे पळत जाणार नाहीत, दृष्टीआड होणार नाहीत आणि लघवीला झाडीत एकटी जाणार नाहीत. अंधारात चढणार असाल तर एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मुलं मध्ये. खरोखर समोर आलाच, तर पळायचं नाही, वाकायचं नाही, बसायचं नाही. लहान मुलाला उचलून घ्यायचं. ते करताना नजर त्याच्यावर ठेवून गुडघ्यात वाकायचं, पाठ फिरवून नव्हे. मग हात वर, काठी वर, ठणठणीत आवाजात बोलत एकेक पाऊल मागे सरकायचं. त्याला निघायला वाट मोकळी ठेवायची. निम्मी संकटं इथेच तयार होतात: दहाजण मोबाइल काढून अर्धगोल करतात आणि त्याच्या मागे कडा असतो.

एक खूण मुलांना शिकवून ठेवा, त्यांना आवडेल. झाडावरची वानरं एकाच दिशेला बघून खाकरल्यासारखा कोरडा, तुटक आवाज सारखा काढत असतील, तर त्या दिशेला त्यांना काहीतरी दिसलंय. ते कुत्रंही असेल. तरी थांबा, घोळका एकत्र करा, आवाज थांबेपर्यंत वाटेवरच राहा. जंगलात वर्षानुवर्षं काम केलेली माणसंही डोळ्यांपेक्षा या आवाजावर जास्त विसंबतात.

आता मधमाश्या. यावर मी लांबण लावणार आहे, कारण यावर कुणी विचारत नाही.

कड्याच्या पुढे आलेल्या भागाखाली, उंच झाडाच्या आडव्या फांदीला, कधी बुरुजाच्या कमानीत जे मोठं, काळपट, अर्धगोल लोंबतं ते आग्या मोहोळ. सातेरी माश्यांसारखं ते पोकळीत लपलेलं नसतं. एकच उघडं पोळं असतं, मीटरभर रुंद होऊ शकतं, आणि आपल्याला जे काळं दिसतं ते मेण नसून त्यावर थरांनी बसलेल्या माश्यांचं पांघरूण असतं. लांबून, सुरक्षित जागेवरून दुर्बिणीने पाहा. एखादी गांधीलमाशी जवळ आली की त्या काळ्या पृष्ठभागावर एक चमकदार लाट सरकन पसरते आणि विरते. हजारो माश्या ओळीने पोटाचं टोक वर उचलतात आणि परत खाली घेतात, त्याची ती लाट. शत्रूला बिचकवायची ही पहिली पायरी. तुम्ही उभे असलेल्या जागेवरून अशा लाटा एकामागून एक दिसायला लागल्या, तर तुम्ही फार जवळ आहात. मुकाट्याने मागे फिरा.

पावसाळा संपला की आग्या माश्या गडांवर येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. म्हणजे आपला ट्रेकिंगचा अख्खा हंगाम त्यांचाही हंगाम. शिवनेरी, राजगड इथे पर्यटकांवर माश्यांनी हल्ला केल्याच्या बातम्या येतच असतात आणि कारण बहुतेक वेळा तेच ते निघतं. कुणीतरी कड्याखाली पाचोळा पेटवलेला असतो, पोळ्याला दगड मारलेला असतो, फटाका वाजवलेला असतो किंवा ड्रोन उडवलेला असतो. तीव्र अत्तर आणि डिओडरंटही त्यांना खपत नाही. पण सगळा दोष माणसाचाच असतो असंही नाही. मधुबाज नावाचा एक शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालून मेणाचा तुकडा तोडून नेतो. तो सुटतो, आणि खाली जो कुणी सापडेल त्याच्यावर माश्या राग काढतात. त्यामुळे ‘आम्ही काहीच केलं नाही’ असं दवाखान्यात सांगणारे लोक खोटं बोलत असतात असं समजू नका.

हल्ला एकदम शंभर माश्यांनी सुरू होत नाही. आधी एक-दोन पहारेकरी माश्या तोंडासमोर घिरट्या घालतात, डोक्याला येऊन आपटतात. हा इशारा. या क्षणी हात झाडला, टोपी फिरवली, माशी चिरडली की खेळ बिघडतो. डंख करणाऱ्या किंवा चिरडलेल्या माशीतून धोक्याचा गंध सुटतो. माणसाच्या नाकाला तो पिकलेल्या केळ्यासारखा लागतो. त्या गंधाने बाकीच्यांना निशाणा मिळतो. म्हणून पहिली माशी डोक्यावर आदळली की तोंड मिटा, मान खाली घाला, आणि आलात त्या वाटेने शांतपणे, पण थांबून न राहता परत फिरा. आरडाओरडा नको. श्वासातली हवाही त्यांना माणूस कुठे आहे ते सांगते, म्हणूनच नाक, तोंड, डोळे यांच्याभोवती डंख जास्त होतात.

झुंड सुटलीच, तर पळा. मुलाचा हात धरा, सॅक पाठीवरच राहू द्या, कारण तेवढी पाठ झाकलेली राहते. टी-शर्टची कॉलर किंवा ओढणी तोंडावर ओढून घ्या आणि पळत राहा. टपरी, मंदिर, गाडी, दार लावता येईल अशी कुठलीही खोली गाठा. दाट करवंदीची जाळी मिळाली तरी चालेल. आग्या माश्या शंभर मीटरवर नाद सोडत नाहीत, कधी पाचशे मीटरच्या पुढेही येतात. पाण्याच्या टाक्यात उडी मारू नका. त्या वर घोंघावत थांबतात, आणि गडावरची टाकी खोल, शेवाळलेली असतात. त्यात माणसं बुडतात.

पण गडावर नेहमी पळता येत नाही, हेच खरं अवघड आहे. अरुंद माचीवर, कड्याच्या पायऱ्यांवर, रेलिंग नसलेल्या वाटेवर घाबरून पळणारा माणूस डंखाने मरण्याआधी पडून मरतो. अशा जागी खाली बसा, भिंतीकडे तोंड करा, मुलाला पोटाशी घ्या आणि दोघांवर मिळेल ते ओढा: चादर, रेनकोट, स्लीपिंग बॅग. मग अजिबात हलू नका. यासाठी मी प्रत्येक मोठ्या माणसाला सॅकमध्ये एक पातळ, फिकट रंगाची सुती चादर ठेवायला सांगतो. वजन नगण्य, आणि एरवी जेवायला बसायला उपयोगी पडते. काळे, गडद आणि केसाळ लोकरीचे कपडे घालू नका. त्यांचा मूळ शत्रू गडद, केसाळ आणि हलणारा असतो.

रात्रीच्या ट्रेकवाल्यांसाठी एक गोष्ट. सूर्य मावळला म्हणजे माश्या झोपल्या असं आग्याच्या बाबतीत धरू नका. चांदण्या रात्री त्या उडतात आणि दिव्याकडे येतात. पोळं कसं दिसतं हे बघायला हेडटॉर्चचा झोत त्यावर मारणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

सुरक्षित जागी पोचलात की पहिलं काम काटे काढणं. काटा माशीच्या पोटातून तुटून तुमच्या कातडीत राहतो आणि त्याच्या मागची पिशवी विष आत ढकलत राहते. नखाने खरवडा, चिमटीने ओढा, कसाही काढा, पण लगेच. क्रेडिट कार्डानेच खरवडायचं, चिमटा वापरायचा नाही, असं सांगणारे भेटतील. पद्धतीने फारसा फरक पडत नाही, वेळेने पडतो. मग पाण्याने धुवा, गार पट्टी ठेवा, अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढा.

धोका दोन प्रकारचा असतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, ॲलर्जी. त्याला एक डंखही पुरतो. काही मिनिटांत अंगभर गांधी उठतात, ओठ किंवा जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, छातीत घरघर लागते, उलटी, चक्कर. यातली दोन लक्षणं एकदम दिसली की वेळ घालवू नका. यावर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाच इलाज. ॲलर्जीची साधी गोळी खाज कमी करते, जीव वाचवत नाही. कुणाला पूर्वी असा त्रास झाला असेल तर आपल्या डॉक्टरांकडून ॲड्रेनलिन आणि ते मांडीत टोचायचं शिक्षण दोन्ही घेऊनच डोंगरावर या. परदेशात मिळतात तशी तयार पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत, त्यामुळे आधी विचारणं भाग आहे. दुसरा धोका विषाच्या मात्रेचा. ॲलर्जी नसलेल्या धडधाकट माणसालाही पन्नासच्या वर डंख झाले, लहान मुलाला त्याहून बरेच कमी, तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी जायचं नाही. मूत्रपिंडावरचा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. दवाखान्यात दाखल व्हा, लघवीचं प्रमाण आणि रंग यावर लक्ष ठेवायला सांगा.

सापांचं थोडं वेगळं आहे. त्यांना आपली चाहूल लागली की बहुतेक निघून जातात, आणि वर्दळीच्या वाटेवर चपळ धामण किंवा दिवड दिसून नाहीशी होते, एवढंच होतं. अपवाद घोणस आणि फुरशाचा. ही दोन्ही जागेवर बसून राहतात, आपला रंग पाचोळ्यात, मुरुमात मिसळलाय यावर त्यांचा भरवसा असतो. घोणस निदान आवाज तरी करते, कुकरच्या शिटीसारखा लांबलचक फुत्कार. फुरसं वीतभर-दीड वीत, मातकट, कडेच्या दगडाखाली वेटोळं करून बसलेलं, आणि इशारा म्हणून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं तो करवतीसारखा खरखर आवाज चालताना ऐकूसुद्धा येत नाही. उतरताना तोल सावरायला शेजारच्या दगडावर बघितल्याशिवाय हात टेकायची सवय सगळ्यांना असते. ती मोडा. मुलांना एकच नियम: डोळा जिथे गेला नाही तिथे हात-पाय जायचा नाही. दगड उलटायचे नाहीत. अंगठा झाकणारे बूट, लांब पँट, हातात काठी. पावसाळ्यात झुडपांवर हिरवा चापडा असतो, तो डोक्याच्या, हाताच्या उंचीवर. वाट काढताना फांदी हाताने बाजूला करू नका.

दंश झाला तर चिरा देणं, चोखणं, घट्ट दोरी आवळणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. अंगठी, पैंजण, बूट काढा. दंशाचा हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा काठीला बांधून स्थिर करा. वेळ लिहून ठेवा. माणसाला चालवू नका, उचलून आणा. सिंहगडावर मदतीला माणसं मिळतात, त्यामुळे हे शक्य आहे. साप मारायला किंवा पकडायला जाऊ नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी उपचार अडत नाही. आपल्याकडचं सर्पदंशावरचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर एकत्रच चालतं. घोणस-फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही, म्हणून डॉक्टर थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि गोठलं का ते बघतात. ही साधी चाचणी छोट्या दवाखान्यातही होते. चापड्यासाठी वेगळं प्रतिविष आपल्याकडे नाही. त्याने सूज आणि वेदना भरपूर होतात, जीव सहसा जात नाही, पण दवाखाना चुकवायचा नाहीच. मांत्रिक, वनौषधी, ‘आमच्या गावात एकजण आहे’ हे ऐकून घ्या आणि गाडी चालू ठेवा.

गडावर मुक्काम करणार असाल तर मण्यार आणि विंचू ध्यानात घ्या. सिंहगडावर रात्री राहायचं नाही, पण तुम्ही आज ना उद्या राजगड, हरिश्चंद्रगड करालच. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश पुष्कळदा दुखतच नाही. झोपेतून उठल्यावर पोटात दुखतंय, पापण्या जड होऊन मिटताहेत, बोलणं अडखळतंय, तर अपचन समजू नका. जेवण उघडं ठेवलं की उंदीर येतात, उंदरामागे साप. तंबूची चेन बंद, खरकटं लांब, सकाळी बूट झटकून मगच पाय आत. विंचवात लाल विंचू वाईट, विशेषतः मुलांना: दरदरून घाम, हातपाय गार, लाळ, मग धाप. कोकणात यानं खूप मुलं जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने हे मृत्यू रोखता येतात हे दाखवून दिलं, आणि आज तो उपचार सगळीकडे होतो. तेव्हा विंचू चावला म्हणजे कळ सोसायची, असं मुलांच्या बाबतीत करू नका.

माकडांवर मला जरा चिडूनच लिहावं लागतं. वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. ते बहुधा आपल्या वाटेला जात नाही. लालसर तोंडाचं माकड वेगळं. त्याला आपणच बिघडवलंय. बिस्किटाचा पुडा फेकून व्हिडिओ काढणारे पुढच्या घोळक्यातल्या लहान मुलाच्या हातातलं कणीस हिसकावलं जायची व्यवस्था करत असतात. माकडाला प्लॅस्टिकचा कुरकुर आवाज म्हणजे खाणं हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून खाणं कापडी पिशवीत, सॅकच्या आत, आणि खायचं तर टपरीत बसून. माकड समोर येऊन तोंड उघडून, भुवया वर खेचून टक लावत असेल तर ती धमकी असते. उलट टक लावू नका, दात दाखवून हसू नका, पाठ फिरवून पळू नका. रिकामे तळवे दाखवा, बाजूला बघत मागे सरका. हातातलं काही धरलंच तर सोडून द्या. पन्नास रुपयांच्या चिप्ससाठी ओढाताण नको. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते आठवणीने विचारा. कुत्र्याच्या चाव्यालाही हेच. आणि वाटेवर तुमच्यामागे गोडीत येणाऱ्या कुत्र्याला खाऊ घालत वर नेऊ नका. एक तर माकडं आणि कुत्री भिडली की मध्ये माणूस सापडतो, दुसरं म्हणजे कुत्र्यांची संख्या वाढली की बिबट्या कशाला येतो ते वर लिहिलंच आहे.

गवा सिंहगडाच्या वाटेवर भेटेल असं धरून चालू नका, पण महाबळेश्वर, कोयना, राधानगरीकडे गेलात तर भेटेल. हजार किलोपर्यंतचं जनावर. दुरून बैलासारखं शांत दिसतं म्हणून लोक जवळ जातात. मान खाली घालून फुसफुसला, अंग आडवं करून उभा राहिला की तुम्ही आधीच नको तेवढे जवळ आलेला असता. जाड झाडामागे व्हा, गाय आणि वासराच्या मध्ये कधीही येऊ नका. गर्दीने काय होतं ते पुण्याने ९ डिसेंबर २०२० ला पाहिलं. कोथरूडमध्ये गवा शिरला, माणसं तासन्‌तास त्याच्या मागे धावली, शेवटी बेशुद्ध करून पकडला आणि तो मेला. त्याने कुणाला मारलं नव्हतं.

जळवा आणि गोचीड किरकोळ. जळू ओढू नका, नखाने तोंडाशी सरकवून सुटी करा, रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे जाणाऱ्यांनी मात्र गोचीड मनावर घ्यावी. तिथे २०१६ पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. परत आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेला होतात ते आपण होऊन सांगा.

एवढं वाचून मुलांना घरी बसवावंसं वाटत असेल तर थोडं थांबा. सिंहगडाचं खोरं पक्ष्यांसाठी नावाजलेलं आहे. स्वर्गीय नर्तक, पावसाच्या तोंडावर नवरंग, ओढ्याकाठी शीळ घालणारा कस्तुर. तेरा वर्षांच्या मुलाला दुर्बीण दिली तर तो आपोआप हळू चालेल, कमी बोलेल, आणि हात टेकण्याआधी बघेल. फक्त पक्ष्याला समोर आणायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणाऱ्या फोटोग्राफरांच्या घोळक्यात त्याला सोडू नका. विणीच्या काळात तो आवाज ऐकून नर अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो.

निघण्यापूर्वी फोनमध्ये तीन नंबर घाला: रुग्णवाहिकेसाठी १०८, सर्वसाधारण आणीबाणीसाठी ११२, वनविभागासाठी १९२६. वाटेत मध्ये मध्ये रेंज जाते, तेव्हा शेवटची रेंज कुठे होती ते लक्षात ठेवायची सवय लावा. तिथेच कुणाला तरी पाठवावं लागतं. आणि एखादा घोळका पोळ्याखाली जाळ करताना किंवा दगड मारताना दिसला, तर मुलं बरोबर असताना तिथे उभं राहून वाद घालू नका. आधी लांब व्हा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने, वर येणाऱ्या लोकांना थांबवा आणि खाली नाक्यावरच्या वनसमितीच्या माणसाला कळवा. पटवणं त्याच्यावर सोडा, त्याच्या हातात दंडाची पावती असते.